मुंबई–न्यूयॉर्क: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग वेळ चौदा तास की साडेसोळा?

मृण्मयी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आई-बाबा १२ डिसेंबरला ताईकडे अमेरिकेत एडिसनला निघालेत. परदेश पहिलाच आणि विमानही पहिलंच. बाबा एसटीत चालक होते. कोल्हापूर–मुंबई रातराणी वर्षानुवर्षं चालवली, त्यामुळे किलोमीटर आणि तास यांचा मेळ बसल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. आणि या वेळी तो बसत नाहीये.

तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री १:३०, न्यूयॉर्कच्या जेएफकेला पोचायची सकाळी ७:२५, तारीख तीच. बाबा म्हणाले, "सहा तासांत अमेरिका? मला मुंबई गाठायला याहून जास्त लागायचे." घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक समजावल्यावर ते पटलं. म्हणजे १६ तास २५ मिनिटं. मग मी दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी एक साइट उघडली. अंतर १२,५३० किमी, वेळ १४ तास २ मिनिटं. दुसरी उघडली. अंतर तेच, वेळ १६ तास १० मिनिटं. परतीच्या तिकिटाचा हिशेब तर तिसराच येतोय.

हे मी नुसती हौस म्हणून विचारत नाहीये. आईला दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं आणि तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय की विमानात नक्की किती तास असणार ते लिहून आणा. चौदा लिहू की साडेसोळा?

आणखी एक. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेष अरबस्तानावरून, मग आफ्रिकेच्या उत्तर भागावरून अटलांटिकमध्ये जाते. शेजारच्यांचा मुलगा म्हणतो मॉस्को वाटेत लागतं. तो चेष्टा करतोय ना?

घाटवाट

चौदाच धरा. उलट आणखी कमी लागायला हवेत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विमान पश्चिमेला चाललंय, म्हणजे न्यूयॉर्क समोरून चालत येतंय की!

डिस्पॅचकाका

मृण्मयीताई, डॉक्टरांना १६ तास २५ मिनिटं लिहून द्या. तिकिटावरून निघतो तोच आकडा धरायचा. बाकीचं सवडीनं वाचा, कारण मी लांबण लावणार आहे.

माझी नोकरी मुंबई विमानतळावर फ्लाइट डिस्पॅचमध्ये झाली. विमान सुटायच्या आधी जमिनीवर बसून मार्ग, वारा, इंधन, वजन यांचा फ्लाइट प्लॅन करायचा, कॅप्टनला समजावायचा, आणि दोघांच्या जबाबदारीवर विमान सोडायचं, हे ते काम. त्यामुळे या साइटवाल्यांवर माझा जुना राग आहे. अंतर ते बरोबर देतात. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं कमीत कमी अंतर काढणं म्हणजे त्रिकोणमितीचं एक गणित. वेळ मात्र निव्वळ भागाकार. तुमची पहिली साइट बघा: १२,५३० ला ९२६ ने भागलंय, म्हणजे ५०० नॉटचा वेग धरला, आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकला. दुसरीनं ८०० ने भागलं आणि तोच अर्धा तास. करून बघा, मिनिटासकट जुळेल. दुसरीचं उत्तर तिकिटाच्या जवळ आलं तो योगायोग, कारण परतीलाही ती १६ तास १० मिनिटंच सांगेल.

आता मॉस्को. मुलगा हुशार आहे, त्याला काहीतरी खाऊ द्या. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा सिंधवरून निघतो, कंदाहारच्या आसपास जातो, तुर्कमेनिस्तान ओलांडतो आणि मॉस्कोच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. पुढे स्वीडन, नॉर्वे, मग समुद्र ओलांडून आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४० अंशांच्या जरा वर, पण मधे हा दोरा जवळपास ६५ अंशांपर्यंत चढतो. मुंबईतून निघताना तोंड पश्चिमेला नसतंच, वायव्य आणि उत्तर यांच्या मधे असतं. तुमची पट्टीची रेष खऱ्या जमिनीवर मोजलीत तर ती साधारण १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारा रस्ता दीड हजार किलोमीटरहून जास्त लांबचा. सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून दाखवतो त्याची ही करामत.

पण दोऱ्याचा मार्ग गणितातला. आमच्या टेबलावर पहिला प्रश्न यायचा: आज कुणाचं आकाश उघडं आहे?

दोऱ्याची पहिलीच टाच पाकिस्तानवर पडते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर ते आकाश बंद झालं, ते जुलैच्या मध्याला पुरतं उघडलं. २०२५ मध्ये २४ एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद झालं. त्यापुढे अफगाणिस्तान, तिथे ऑगस्ट २०२१ पासून हवाई वाहतूक नियंत्रणाचाच भरवसा राहिला नाही. त्यापुढे रशिया. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी, कॅनेडियन, युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईना. आपल्या कंपन्यांना तशी बंदी नव्हती. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं मुंबई–न्यूअर्क (न्यूयॉर्कच्या शेजारचा दुसरा विमानतळ) उड्डाण त्या मार्चमध्ये थांबवलं ते यामुळेच. अंतर एका इंचानं बदललं नव्हतं, रस्ता बंद झाला होता.

मग अशा वेळी मुंबईची विमानं काय करतात? अरबी समुद्रावरून आखाताकडे, तिथून त्या दिवशी जे उघडं असेल त्यावरून तुर्कस्तान, मग युरोप आणि अटलांटिक. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण भडका उडाला तेव्हा तोही बोळ बंद झाला होता. निघालेली कित्येक विमानं परत फिरली किंवा भलत्याच शहरात उतरली. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे निदान एवढी वाट तरी मिळते. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातेत खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळायचं, त्यांचा फेरा मोठा. थोडक्यात, आई-बाबांचं विमान १२,५३० किलोमीटर उडणार नाही. तेराच्या पुढे कुठेतरी जाईल, आणि नेमका आकडा त्या रात्रीच ठरेल.

दुसरा प्रश्न वारा. बोइंग ७७७ सारखं विमान ३५ हजार फुटांवर ताशी ९०० किलोमीटरच्या आगेमागे चालतं, पण ते हवेतून. आणि ती हवाच पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत असते. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे वाऱ्याचे पट्टे आहेत. हिवाळ्यात त्यांच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटर आणि त्याहून जास्त वेग सहज असतो. पावसाळ्यात पंचगंगेत प्रवाहाविरुद्ध पोहणारा आणि प्रवाहाबरोबर पोहणारा सारखेच हात मारतात, पण घाट एकाच वेळी गाठत नाहीत. बाबांना एवढं पुरेल. जाताना सगळ्या वाटेवर सरासरी ७०-७५ किलोमीटरचा वारा समोरून धरा: ९०० चे राहिले ८२५. वळसा धरून तेरा हजारांच्या वर अंतर, म्हणजे सोळा तास हवेतच. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून चौदाच्या आसपास काम होतं.

वारा किती देऊ शकतो याचा माझा आवडता दाखला: ९ फेब्रुवारी २०२०, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं ताशी १,३०० किलोमीटरच्या वर वेग गेला होता. त्या वेळी अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि वारा त्याच दिशेला.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट त्याहून मजेशीर. एअर इंडिया आधी युरोप-अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेकडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० च्या घरात आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा कमी. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचायचं! कुठल्याही भागाकाराच्या साइटला हे जन्मात सांगता येणार नाही.

@घाटवाट, न्यूयॉर्क समोरून चालत येत नाही हो. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमान असतं. तसं नसतं तर जागेवर उडी मारल्यावर तुम्ही दुसऱ्याच गल्लीत उतरला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो असा की तिच्यामुळेच हे वारे पूर्वेकडे वळतात. म्हणजे तुमचं उत्तर नेमकं उलटं आहे.

शेवटी तिकिटावरची वेळ. तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान गेटवरून मागे ढकललं त्या क्षणापासून तिकडे गेटला लागेपर्यंत. त्यात मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग आली, जेएफकेला उतरल्यावरचं रांगणं आलं, आणि उशीर झाला तरी वेळेत दिसावं म्हणून कंपनीनं ठेवलेली थोडी सैल जागाही आली. म्हणून ती डॉक्टरांसाठी योग्य. तुमच्या आई तेवढा वेळ सीटवर असणार, चाकं जमिनीवर असोत की हवेत.

डॉ_सातारकर

काकांच्या आकड्यात मी भर घालते. डॉक्टरांना फक्त उड्डाणाचे तास देऊ नका. कोल्हापूरहून निघण्यापासून एडिसनच्या घरी पोचेपर्यंत सगळं लिहून न्या, आणि वर घड्याळाचा फरकही लिहा. पश्चिमेला जाताना त्यांचा दिवस साडेदहा तासांनी लांबणार आहे. डोस कसा विभागायचा हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, इथे कुणी सांगितलेलं ऐकू नका.

पण तीन गोष्टी सगळ्यांना लागू. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानात टाकलं तर खालच्या थंडीत गोठून वाया जाऊ शकतं. प्रिस्क्रिप्शन बरोबर, त्यावर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. आणि जेवणाआधीचं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही. हवा खराब असली की जेवणाच्या गाड्या अर्ध्यावर थांबवतात आणि मग साखर खाली जाते. आईंच्या हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू दे.

एडिसनची_सून

ताईला सांगा, ७:२५ बघून पहाटे पळू नकोस. एडिसनहून जेएफके म्हणजे गोथल्स पूल, स्टेटन आयलंड, व्हेराझानो पूल आणि मग बेल्ट पार्कवे, सकाळच्या गर्दीत जीव नकोसा होतो. आणि विमान गेटला लागल्यावर इमिग्रेशन आणि सामान यात तास-दीड तास कुठेच गेला नाही. व्हीलचेअर आत्ताच नोंदवून ठेवा. आपल्याकडच्या आयांना ती कमीपणाची वाटते, पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस रांगेतून नेतो, फॉर्म दाखवतो, बाहेर ताईच्या हातात देतो. सोळा तासांनंतर इंग्रजीत उत्तरं देण्यापेक्षा ते बरं. माझ्या सासूबाई आधी नाही नाही म्हणत होत्या, आता स्वतःच मागतात.

पुढच्या वेळी जमलं तर न्यूअर्कचं तिकीट बघा. घराजवळ पडतं.

मृण्मयी_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना काकांचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचगंगेवर मान डोलावली. मॉस्कोसाठी शेजारच्या शाळेतून पृथ्वीगोल आणवला आणि आईच्या विणकामाचा दोरा लावून स्वतः बघितलं. आता त्यांचा पुढचा प्रश्न: "एवढ्या लांब जाते, तर डिझेल कुठे भरते?" आणि दुसरा, आमच्या काकूंचा: नवी मुंबईच्या विमानतळावरून गेलं असतं तर अंतर कमी झालं असतं का?

डिस्पॅचकाका

बाबांचा प्रश्न माझ्या मनातला आहे. उत्तर: कुठेच नाही. सगळं मुंबईतच भरून निघायचं. ७७७-३००ईआरच्या टाक्यांत साधारण १ लाख ८१ हजार लिटर मावतं, वजनात १४५ टन. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन साडेतीनशे टन. म्हणजे टाक्या गच्च भरल्या तर चाळीस टक्के विमान इंधनाचंच. दर वेळी गच्च भरत नाहीत, आणि तिथेच डिस्पॅचरची कसोटी. जास्तीचं इंधन वाहायलाही इंधन जळतं, तासाला त्या जादा वजनाच्या तीन-चार टक्के. सोळा तासांच्या वाटेवर "असू दे आपलं" म्हणून दहा टन जास्त टाकले तर त्यातले चार-पाच टन नुसते स्वतःला वाहण्यात संपतात. आणि तेवढं वजन विमानात असलं की तेवढा माल किंवा माणसं खाली ठेवावी लागतात.

कमी मात्र टाकता येत नाही. पोचण्यापुरतं, वाटेतल्या चुकलेल्या अंदाजांसाठी काही टक्के, न्यूयॉर्कला उतरताच आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं. हे नियमानं लागतंच. शिवाय दोन इंजिनांचं विमान असल्यामुळे एक इंजिन बंद पडलं तर ठराविक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात हवा. अटलांटिकवर त्यासाठी शॅनन, केफ्लाविक, गूझ बे, गँडर अशी नावं आमच्या कागदावर असायची. गँडर तर न्यूफाउंडलंडमधलं लहानसं गाव, पण डिस्पॅचमधल्या कुणालाही स्वतःच्या मावशीच्या गावासारखं पाठ.

आणि कधी कधी पंप लागतोही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर एअर इंडियाची अमेरिकेची काही विमानं व्हिएन्ना आणि कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली होती. बाबांच्या तरुणपणी तर थांबा ठरलेलाच असायचा. १९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं ते लंडनमार्गे. मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा आलं २००७ मध्ये, ७७७-२००एलआर विमानं आल्यावर.

काकूंना सांगा, नवी मुंबईनं साडेबारा हजारांत काही फरक पडत नाही. कोल्हापूरकरांना पनवेल आधी लागतं एवढाच फायदा, तो मात्र चांगला घसघशीत.

मृण्मयी_कोल्हापूर

काका, शेवटचं विचारते. परतीचं तिकीट २० मार्चचं आहे. जेएफकेहून दुपारी १२:३० ला सुटतं, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:४० ला. बाबांनी वहीत मांडलं: २४ तास १० मिनिटं, त्यातून साडेदहा वजा, उरले १३ तास ४० मिनिटं. बरोबर ना? आईच्या डॉक्टरांना हेही आजच द्यायचंय.

डिस्पॅचकाका

वजाबाकी बरोबर, पण मार्चात साडेदहा धरू नका. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, २०२६ मध्ये ती तारीख ८ मार्च. त्यानंतर आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये साडेनऊच तासांचा फरक. म्हणून परतीचे १४ तास ४० मिनिटं लिहा. बाबांना म्हणावं, वहीत दोन्ही फरक तारखांसकट लिहून ठेवा, ताईला फोन करतानाही लागतील.

निघायच्या रात्री विमान हवेत गेल्यावर तासाभरानं कुठल्याही फ्लाइट ट्रॅकरवर उतरण्याची नवी वेळ दिसायला लागेल. ती प्रत्यक्ष वाऱ्यावरून काढलेली असते. ताईनं घरातून निघायचं ते तीच बघून.